सुपिरियर ड्रमर ३: आवाज भारी, पण मेहनत आपलीच

जळगावात घरीच अहिराणी गाणी रेकॉर्ड करतो, खरा ड्रमकिट मांडायला जागा नाही म्हणून टूनट्रॅक कंपनीचं हे कॉम्प्युटरवर ड्रम वाजवायचं सॉफ्टवेअर घेतलं. साउंड बेल्जियमच्या गॅलक्सी स्टुडिओत जॉर्ज मॅसेनबर्ग या नावाजलेल्या साउंड इंजिनियरने रेकॉर्ड केलेत, पूर्ण लायब्ररी 230 जीबीच्या आसपास, एसएसडी वेगळीच ठेवा. आवाज एक नंबर, पण सगळ्या नोटांची व्हेलॉसिटी (ठोक्याचा जोर) 127 म्हणजे फुल्ल आणि सगळं ग्रिडला, म्हणजे तालाच्या काटेकोर रेघांना, चिकटवलेलं असेल तर लग्नातला ऑक्टोपॅडच वाजतो भो! हायहॅट (झांजांची जोडी) एक जोरात एक हळू, स्नेअरच्या घोस्ट नोट, म्हणजे मधले हलके ठोके, 30-40 व्हेलॉसिटीवर, आणि टॉमच्या ड्रमवर फिल (मधला भरणीचा तुकडा) चालू असताना हायहॅट वाजवू नका, ड्रमरला हात दोनच असतात ना. रूम माइक (खोलीतला घुमणारा आवाज पकडणारा) थोडा वाढवला की किट खोलीत मांडल्यासारखा वाटतो. संबळ मात्र यात नाही, तो वाजवणाऱ्यालाच बोलवा.