ग्लिम आणि जाफी यांचं ‘क्वांटम फिजिक्स’: दोन मितींपुरतं भक्कम

घ्यायचं तर स्प्रिंगरची १९८७ ची दुसरी आवृत्ती घ्या. नाव बघून क्वांटम मेकॅनिक्सचं क्रमिक पुस्तक समजलात तर फसाल. कटऑफ (अतिसूक्ष्म चढउतार गाळणारी तात्पुरती मर्यादा) काढल्यावर अखंड अवकाशात फील्ड थिअरी (क्षेत्रांचा क्वांटम सिद्धांत) उरते का, हा इथला खरा प्रश्न.

दोन मितींत (एक काळाची, एक अवकाशाची) उरते, आणि ती का उरते हे एकेक अंदाज मांडून दाखवलंय. गाउसियन मेजरखाली (परस्परक्रिया नसतानाच्या संभाव्यता-वाटणीत) फाय, म्हणजे इथलं क्षेत्र, हे फलन नसून डिस्ट्रिब्यूशन असतं (एका बिंदूवर किंमत नाही, फक्त सरासरीला अर्थ), त्यामुळे परस्परक्रियेसाठी लागणारा त्याचा चौथा घात जसाच्या तसा लिहिताच येत नाही. कप्पा हा कटऑफ ठेवला की एका बिंदूवरचा व्हेरियन्स (चढउतारांचं माप) लॉग कप्पासारखा वाढतो. विक ऑर्डरिंगनंतर (घातातून अनंताकडे जाणारे भाग वजा केल्यावर) चौथ्या घाताची पदावली धन राहत नाही, ‘वजा ६ गुणिले व्हेरियन्सचा वर्ग’ इथपर्यंत खाली जाते. मग ई-चा वजा-व्ही घात (व्ही म्हणजे या पदावलीचं अवकाशभरचं इंटिग्रल) इंटिग्रेबल कसा? नेल्सनच्या १९६६ च्या युक्तीनं: हा तळ फक्त लॉगच्या वर्गाच्या गतीनं खचतो, तर कटऑफमुळे गाळलेला भाग कप्पाच्या घातानं घटतो. हे गणित एकदा स्वतः कागदावर करून बघाच. अर्धं पुस्तक तिथेच उलगडतं.

तीन मितींत हीच युक्ती तुटते. व्हेरियन्स कप्पाच्या प्रमाणात वाढतो, वस्तुमानाला वेगळी लॉग-दुरुस्ती लागते आणि शेवटी मिळणारं मेजर गाउसियनशी सिंग्युलर असतं, म्हणजे घनता लिहून भागत नाही. त्यासाठी फेल्डमन-ऑस्टरवाल्डर (१९७६) किंवा गुबिनेल्ली-हॉफमानोव्हा (२०२१) यांचे निबंध गाठा.

चार मितींसाठी मात्र पुस्तक जुनं झालंय. आयझेनमन आणि ड्युमिनिल-कोपाँ यांनी २०२१ मध्ये सिद्ध केलं, की लॅटिसवरच्या (बिंदूंच्या जाळीवरच्या) फाय-चारची, म्हणजे चौथ्या घाताच्या याच सिद्धांताची, क्रिटिकल स्केलिंग लिमिट (क्रांतिक बिंदूपाशी जाळी बारीक करत नेल्यावर उरणारा सिद्धांत) गाउसियनच निघते. परस्परक्रिया उरतच नाही. यांग-मिल्सचा (मूलकणांमधल्या बलांच्या सिद्धांताचा) प्रश्न तर अजून उघडा आहे. २००० साली क्ले गणित संस्थेच्या बक्षिसासाठी तो मांडला जाफी आणि विटन यांनीच.

मेजर थिअरी आणि स्पेक्ट्रल थिअरम पक्कं नसेल तर पैसे घालू नका. वाचताना आधी तिसरं प्रकरण (फाइनमन-काट्सचं सूत्र: क्वांटम गणित संभाव्यतेच्या इंटिग्रलमध्ये बदलणारं), मग सहाव्यातली ऑस्टरवाल्डर-श्रेडर स्वयंसिद्धकं (अशा मेजरमधून क्वांटम सिद्धांत परत मिळण्याच्या अटी). सातव्याच्या शीर्षकातच बरोबरच्या (=) चिन्हांची रांग आहे, घाबरू नका. त्या अटींपैकी रिफ्लेक्शन पॉझिटिव्हिटीपाशी (काळाच्या परावर्तनाखालची धनता) सावकाश जा: संवेगाचा साधा कटऑफ ती मोडतो, लॅटिस ती राखतो पण भ्रमणसममिती गमावतो.