परदेशी वैद्यकीय मिशन ट्रिप ठरवताय? आमच्या तरुण संघाचे पैसे कसे गेले ते आधी वाचा

आमच्या चर्चच्या तरुण संघाने परदेशात वैद्यकीय सेवेसाठी जायचं ठरवलं. एका माणसाने तिकिटं, परवाने आणि औषधं यांच्या नावाखाली आमचे पैसे लांबवले आणि ट्रिप झालीच नाही. तोच माणूस आता दुसऱ्या चर्चच्या मंडळ्यांशी बोलतोय असं कानावर आलं, म्हणून हे लिहिते आहे. मी नर्स आहे आणि टीमसोबत जाणार होते, त्यामुळे बहुतेक कागद माझ्या हातून गेले.

तो आमच्याकडे अनोळखी म्हणून आलाच नाही. दुसऱ्या एका मंडळीच्या पाळकांनी त्याची ओळख करून दिली, आणि त्यांच्याशी आणखी कुणी. आधीच्याने चौकशी केलीच असेल असं प्रत्येकाला वाटलं. प्रत्यक्षात कुणीच केली नव्हती. पूर्व आफ्रिकेतल्या एका मिशन हॉस्पिटलचा समन्वयक असल्याचं तो सांगायचा. हॉस्पिटल खरं होतं, नकाशावर सापडत होतं, वॉर्डांमधले त्याचे फोटोही खरे होते. प्रत्येक व्हिडिओ कॉल प्रार्थनेने सुरू व्हायचा आणि प्रार्थनेनेच संपायचा. मुलांची नावं त्याला पाठ होती, कुणाची परीक्षा कधी आहे तेही लक्षात ठेवून विचारायचा. अशा माणसाकडे पावती मागायला जीभ रेटत नाही. त्याचा सगळा धंदा या संकोचावरच चालतो.

पहिले पैसे तिकिटांचे गेले. ग्रुपचा दर आजच्या दिवसच आहे, उद्या वाढेल, म्हणून घाई. रक्कम त्याच्या वैयक्तिक खात्यात, कारण संस्थेच्या खात्याचं म्हणे काही काम चालू होतं. लगेच पीएनआर आला. एका मुलाने तो विमान कंपनीच्या साइटवर टाकून बघितला, तर सगळ्यांची नावं, तारीख, फ्लाइट, सगळं बरोबर. सगळे निर्धास्त झाले, आणि खरी मेख इथेच आहे. पीएनआर ही नुसती बुकिंगची नोंद असते. एजंट पैसे न भरताही काही काळ जागा धरून ठेवू शकतो, आणि तेवढा काळ ती नोंद साइटवर अगदी व्यवस्थित दिसते. तिकीट खरोखर निघालं की प्रत्येक प्रवाशाच्या नावाने १३ अंकी ई-तिकीट नंबर येतो. त्यातले पहिले तीन अंक विमान कंपनीचे असतात. आमच्या कागदावर तो नंबर कुठेच नव्हता. मुदत संपली आणि जागा आपोआप सुटल्या. त्यानंतर पीएनआर टाकला तर काहीच सापडेना. 'सिस्टीम अपडेट होतेय' असं त्याचं उत्तर.

मला पहिल्यांदा धक्का बसला तो मात्र तिकिटांमुळे नाही, लशीमुळे. मुलांच्या लसीकरणाचं वेळापत्रक माझ्याकडे होतं. यलो फिव्हरचा दाखला लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य धरला जातो (२०१६ पासून तो आयुष्यभर चालतो), म्हणून मी सगळ्यांच्या मागे लागले होते. त्यावर तो म्हणाला, "सिस्टर, कशाला एवढी धावपळ? पासपोर्टचे फोटो पाठवा, पिवळी कार्डं मी शिक्क्यासकट करून देतो." म्हणजे लस न घेता नुसतं कार्ड! या तापावर नेमकं औषध नाही, माणसं त्याने मरतात, आणि हा आमच्या पोरांना खोट्या कार्डावर तिकडे न्यायला निघाला होता. सेवेच्या गोष्टी करणारा माणूस असं बोलूच शकत नाही. त्या दिवसापासून मी एकेक कागद काढून वाचायला लागले.

सगळ्यात आधी औषधांचं इन्व्हॉइस. इथून ओझं कशाला आणता, मी तिकडच्या कॅम्पसाठी घाऊक भावात घेऊन पाठवतो, असं सांगून त्याने बरीच मोठी रक्कम घेतली होती. वरवर यादी चांगली दिसत होती: मलेरियाच्या गोळ्या, सेफ्ट्रिॲक्सोन, ओआरएस, जंताचं औषध. पण जवळजवळ प्रत्येक औषधाची मुदत येत्या काही महिन्यांत संपणारी. दान केलेलं औषध त्या देशात पोचेल तेव्हा त्याची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधदानाच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलं आहे. ती तत्त्वं १९९६ पासून आहेत. शिवाय औषधं हॉस्पिटलने मागितलेली असावी लागतात, देणाऱ्याला सुचतील ती नव्हेत. यादीच्या तळाशी पेथिडिनची इंजेक्शनं होती. ते अंमली औषध आहे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार दोन्हीकडच्या सरकारांची लेखी परवानगी असल्याशिवाय ते सीमेपलीकडे जात नाही, आणि त्या परवानगीचा उल्लेखसुद्धा कुठे नव्हता. ही पेटी खरंच गेली असती आणि आमच्या एखाद्या पोराच्या नावावर कस्टममध्ये उघडली गेली असती तर काय झालं असतं, या विचाराने मला आजही झोप लागत नाही.

पेटी गेलेलीच नव्हती, हे नंतर कळलं. माल विमानाने निघाला म्हणून त्याने एअर वे बिलाचा, म्हणजे विमानाने जाणाऱ्या मालाच्या पावतीचा, नंबर दिला. काही दिवसांनी फोन आला: माल कस्टममध्ये अडकलाय, रोज भाडं चढतंय, ताबडतोब पैसे पाठवा. तेव्हा संघातल्या एका मुलाच्या काकांनी, जे मालवाहतुकीत काम करतात, तो नंबर बघितला आणि लगेच खोटा असल्याचं सांगितलं. हा नंबर ११ अंकी असतो. पहिले तीन अंक कंपनीचे, पुढचे सात अनुक्रमांकाचे. त्या सात अंकी संख्येला ७ ने भागून जी बाकी उरते तो शेवटचा अंक. म्हणजे शेवटी ० ते ६ यांपैकीच अंक येऊ शकतो. आमचा नंबर ९ ने संपत होता.

मग आम्ही हॉस्पिटलला फोन केला. त्याने दिलेल्या नंबरवर नाही, हॉस्पिटलच्या स्वतःच्या साइटवरच्या. तिथल्या अधीक्षक बाई म्हणाल्या की हा माणूस मागे एका गटाबरोबर पाहुणा म्हणून येऊन गेला होता, फोटो काढून गेला, त्यापलीकडे आमचा त्याच्याशी संबंध नाही. आमच्या डॉक्टरांनी तिथल्या मेडिकल कौन्सिललाही लिहिलं. बाहेरच्या डॉक्टरला तिथे पेशंट तपासायचे तर तात्पुरती नोंदणी लागते, आणि तिची फी त्याने घेतली होती, पत्रंही दिली होती. कौन्सिलचं उत्तर दोन ओळींचं: या नावांचे अर्ज आमच्याकडे आलेलेच नाहीत.

यानंतर मंडळीत जे झालं ते मला जास्त लागलं. तक्रार नको, चर्चची बदनामी होईल, आपल्याला क्षमा करायला शिकवलंय, असं काही वडीलधारी म्हणाले. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण हे मला पटत नाही. क्षमा ज्याने त्याने मनातून करावी. पण मुलांनी रात्री जागून नाटक बसवून पैसे जमवले होते, एका मुलीने पहिल्या पगारातला मोठा भाग दिला होता. ते पैसे मुलांचे होते, वडीलधाऱ्यांनी सोडून द्यायचे नव्हते. आणि आपण गप्प बसलो तर पुढची मंडळी नाडली जाणार. बायबलमधल्या प्रेषित पौलाने यरुशलेममधल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी नेमलेली माणसं सोबत घेतली, पैशाबद्दल कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. पैशांवर चार जणांची नजर ठेवणं हा अविश्वास आहे, असं आपल्याकडे कधीपासून मानायला लागले?

शेवटी तक्रार केली, पण त्या चर्चेत महत्त्वाचे दिवस गेले. बँकेने खातं थांबवलं तोवर ते जवळजवळ रिकामं झालं होतं.

तुमच्याकडे असा कुणी येऊन गेला असेल आणि पैसे नुकतेच दिले असतील, तर कमिटीची मीटिंग होण्याची वाट बघू नका. आधी बँकेला कळवा, मग पोलिसांना. अजून दिले नसतील, तर तिकिटाचे पैसे थेट विमान कंपनीला भरा, परवान्याचा अर्ज डॉक्टरांनी स्वतः कौन्सिलकडे करावा, आणि औषधांची यादी हॉस्पिटलकडूनच लेखी मागवा. मधल्या माणसाचा हेतू प्रामाणिक असेल तर यातल्या कशालाही तो हरकत घेणार नाही. आमच्या त्या माणसाने प्रत्येक गोष्टीला घेतली होती.