मांजराच्या घरगुती अन्नासाठी कोणते मांस घ्यावे : छाती, तंगडी, लाल मांस, मासे आणि खिमा यांचा तुलनात्मक आढावा

मांजरासाठी घरीच अन्न शिजवायचे असे ठरले की खरी अडचण मांस विकत घेताना सुरू होते. समोर कोंबडीची छाती असते, तंगडी असते, तयार खिमा असतो, कलेजी असते, मासे असतात, आणि यातले नेमके काय घ्यावे हे कळत नाही. बहुतेक जण प्रथिने किती व चरबी किती एवढेच पाहतात, आणि त्या हिशेबात कोंबडीचे छातीचे बोनलेस मांस सहज पहिले येते. हा निकष मला अपुरा वाटतो. कोणत्याही ताज्या मांसात मांजराला पुरतील इतकी प्रथिने असतातच. निर्णय करायचा तो त्या मांसात काय कमी आहे, आणि जे कमी आहे ते घरच्या स्वयंपाकघरात बिनचूक भरून काढणे किती जमण्यासारखे आहे, यावरून करायला हवा.

मांजर उंदीर मारते तेव्हा ते स्नायूंबरोबर त्याची हाडे, हृदय, यकृत आणि रक्त असे सगळेच पोटात घालते. आपण विकत आणतो ते मात्र बहुधा नुसते स्नायूंचे मांस असते. अशा १०० ग्रॅम बोनलेस मांसात फॉस्फरस साधारण २०० मिलिग्रॅम असतो आणि कॅल्शियम जेमतेम १० मिलिग्रॅमच्या आसपास. मांजराला या दोहोंचे प्रमाण जवळजवळ समसमान, किंबहुना कॅल्शियम किंचित अधिक, असे लागते. हा तोल दीर्घकाळ बिघडलेला राहिला तर शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढून घेऊ लागते. वाढत्या पिल्लांमध्ये त्यामुळे लंगडणे आणि किरकोळ उडीनेही हाड मोडणे असे प्रकार दिसतात. ही उणीव छातीच्या मांसात आहे तशीच तंगडीत, मटणात आणि बीफमध्येही आहे. त्यामुळे मांस कोणतेही निवडले तरी कॅल्शियम वेगळे द्यावेच लागणार, हे गृहीत धरूनच पुढची तुलना वाचावी.

छाती की तंगडी

मांसांमध्ये खरा फरक पाडणारे द्रव्य म्हणजे टॉरिन. माणसाचे किंवा कुत्र्याचे शरीर ते बऱ्याच अंशी स्वतः तयार करते. मांजराची ही क्षमता फार तुटपुंजी असते, आणि पित्त तयार करण्यासाठी ते सतत खर्चही होत राहते. टॉरिन कमी पडल्यास मांजराच्या डोळ्याचा दृष्टिपटल झिजतो, हे १९७५ मध्ये दाखवले गेले. हृदयाचे स्नायू सैल पडून ते फुगण्याचा जीवघेणा आजारही याच कमतरतेमुळे होतो, हे १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले आणि त्यानंतर बाजारातल्या तयार अन्नांतले टॉरिनचे प्रमाण वाढवण्यात आले. घरच्या पातेल्यात ते वाढवण्याची जबाबदारी अर्थातच आपली असते.

आता आकडे पाहू. कोंबडीच्या छातीच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात टॉरिन सुमारे १८ मिलिग्रॅम असते, तर तंगडीच्या गडद मांसात सुमारे १७० मिलिग्रॅम, म्हणजे नऊपटींहून अधिक. टर्कीमध्ये ही तफावत याहून ठळक आहे : पांढऱ्या मांसात सुमारे ३०, गडद मांसात सुमारे ३००. जे स्नायू पक्षी दिवसभर वापरतो त्यांत टॉरिन अधिक साठते. पाळीव कोंबडी चालते पुष्कळ आणि उडते क्वचित, म्हणून तिच्या पायांत ते भरपूर आणि छातीत नगण्य असते. ज्या मांजराला महिनोन्महिने फक्त उकडलेली छाती मिळते, त्याचे पोट भरते आणि अंगावरची लवही काही काळ तुकतुकीत राहते. पण हृदयावर होणारा परिणाम बाहेरून दिसत नाही, आणि दिसू लागतो तेव्हा आजार पुष्कळ पुढे गेलेला असतो.

चरबीच्या बाबतीतही छातीला उगाच झुकते माप मिळते. छातीत १०० ग्रॅममागे २ ते ३ ग्रॅम चरबी असते, कातडी काढलेल्या तंगडीत साधारण ४ ते ८, आणि कातडीसकट घेतल्यास त्याच्या दुपटीहूनही जास्त. वजन कमी करू पाहणाऱ्या माणसाला हे आकडे छातीकडे ढकलतात. मांजर मात्र आपली ऊर्जा प्रथिने आणि चरबी यांतूनच मिळवते, आणि ॲराकिडॉनिक आम्ल नावाचे एक आवश्यक मेदाम्ल त्याला प्राण्यांच्या चरबीतूनच घ्यावे लागते, कारण वनस्पतिजन्य तेलापासून ते बनवण्याची सोय त्याच्या शरीरात जवळपास नाही. निरोगी, अंगाने प्रमाणात असलेल्या मांजरासाठी निम्मी कातडी ठेवून घेतलेली तंगडी मला सर्वांत समतोल वाटते. स्वादुपिंडाचा आजार असलेल्या किंवा वजन फार वाढलेल्या मांजराची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या अन्नातली चरबी पशुवैद्याने ठरवावी, आणि त्याने सांगितल्यास छातीचे मांस जरूर वापरावे, पण टॉरिन बाहेरून घालूनच.

तंगडीची एक गैरसोय मान्य करायला हवी. ती बहुधा हाडासकट मिळते आणि हाड सोडवण्यात वेळ जातो. हे काम टाळू नये, कारण शिजलेले हाड ठिसूळ होऊन त्याच्या टोकदार चिरफळ्या उडतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुतू शकतात. हाडासकट मांस दळून घ्यावे, म्हणजे कॅल्शियमचाही प्रश्न सुटेल, असे सुचवले जाते. परंतु तंगडीत मांसाच्या मानाने हाड बरेच जास्त असल्याने तोल उलट्या बाजूला जातो, आणि त्यासाठी लागणारे यंत्र प्रत्येकाकडे नसते. घरच्या घरी सोपा मार्ग म्हणजे हाड काढून टाकायचे आणि धुऊन, वाळवून, अगदी बारीक दळलेली अंड्याच्या टरफलांची पूड वापरायची. तिच्यात वजनाच्या सुमारे ३८ टक्के कॅल्शियम असते, त्यामुळे एक किलो बोनलेस मांसाला साधारण ६ ग्रॅम पूड पुरते. चमच्याने अंदाज घेण्यापेक्षा लहान वजनकाटा वापरलेला बरा.

शिजवण्याबद्दल एक सूचना येथेच करते, कारण ती निवडीशी जोडलेली आहे. टॉरिन पाण्यात विरघळते. भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकून दिले, तर तंगडी निवडल्याचा बराचसा फायदा त्या पाण्याबरोबर निघून जातो. थोड्या पाण्यात, झाकण ठेवून शिजवावे आणि सुटलेला रस अन्नातच मिसळावा.

लाल मांस

बीफ आणि मटण यांत टॉरिन १०० ग्रॅममागे सुमारे ४० ते ५० मिलिग्रॅम आणि पोर्कमध्ये सुमारे ६० मिलिग्रॅम असते. म्हणजे कोंबडीच्या छातीपेक्षा ही मांसे सरस आहेत आणि तंगडीपेक्षा बरीच मागे आहेत. लोह आणि जस्त मात्र बीफ व मटणात पक्ष्यांच्या मांसापेक्षा अधिक असते, आणि ही दोन्ही खनिजे घरगुती अन्नात नेहमी कमी पडणारी असल्याने आठवड्यातले काही दिवस लाल मांसाला देणे शहाणपणाचे आहे. चरबी मात्र कापानुसार इतकी बदलते की एकाच प्राण्याच्या दोन कापांची तुलना करणेही अवघड होते. दिसणारी पांढरी चरबी काढून टाकावी आणि प्रत्येक वेळी शक्यतो तोच काप घ्यावा.

मांजराला त्वचेची खाज किंवा वारंवार उलट्या-जुलाब होत असतील तर हेही ध्यानात ठेवावे की मांजरांतल्या अन्नाच्या ॲलर्जींमध्ये बीफ आणि मासे ही कारणे सर्वाधिक आढळतात, आणि कोंबडीचे मांस त्यांच्यानंतर येते. अशा मांजराला त्याने आजवर न खाल्लेले एखादे मांस देऊन पाहण्याचा सल्ला पशुवैद्य देतात, आणि त्यासाठी ससा किंवा बदक उपयोगी पडते. सशाचे मांस कमी चरबीचे असते. त्यावर मांजराला दीर्घकाळ ठेवायचे झाल्यास टॉरिन बाहेरून देण्यात हयगय करू नये.

पोर्कमध्ये थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, इतर मांसांपेक्षा पुष्कळ असते, पण ते कच्चे कधीही देऊ नये. डुकरांमधील औजेस्की रोगाचा विषाणू मांजराला झाला तर ते थोड्याच दिवसांत दगावते.

हृदय आणि कलेजी

ही दोन्ही एकाच काउंटरवर शेजारी ठेवलेली असल्याने त्यांना एकाच माळेत ओवले जाते, पण मांजराच्या ताटात त्यांचे काम अगदी वेगळे आहे. हृदय हा अखंड चालणारा स्नायू असतो. त्यात टॉरिन चांगले असते, म्हणून एकूण मांसाच्या दहा-पंधरा टक्के हृदय घालायला हरकत नाही. कोंबडीचे पेटेही स्नायूच आहेत आणि त्यांना मांसातच मोजावे.

कलेजी लागते ती अ जीवनसत्त्वासाठी. गाजर-भोपळ्यातल्या कॅरोटिनपासून हे जीवनसत्त्व बनवणे मांजराला जमत नाही, त्यामुळे ते प्राणिज अन्नातूनच यावे लागते. मात्र कलेजीचा वास आणि चव मांजरांना इतकी प्रिय असते की थोड्याच दिवसांत ते बाकी सगळे बाजूला सारून कलेजीच मागू लागते, आणि प्रेमापोटी आपण ती देत राहतो. अ जीवनसत्त्व यकृतात साठत जाते. अतिरेक महिनोन्महिने चालला तर मानेच्या मणक्यांवर नवे हाड वाढून ते एकमेकांना जोडले जातात. मग मांजराला मान वळवता येत नाही आणि अंग चाटून स्वच्छ करणेही दुरापास्त होते. एक किलो मिश्रणात सुमारे ५० ग्रॅम कलेजी, याहून अधिक नाही, ही मर्यादा मी काटेकोरपणे पाळते.

मासे

मांजर आणि मासा ही जोडी सर्वांच्या मनात घट्ट बसलेली असली तरी रोजच्या अन्नाचा पाया म्हणून मासा मला मान्य नाही. अनेक माशांच्या कच्च्या मांसात थायमिनेज नावाचे विकर असते आणि ते ब१ जीवनसत्त्व नष्ट करते. त्याची कमतरता झालेले मांजर मान खाली वाकवून बसते, तोल जाऊन पडते आणि त्याला झटकेही येऊ शकतात. शिजवल्याने हे विकर निकामी होते, पण बाकीचे आक्षेप उरतातच. ट्यूनासारख्या मोठ्या शिकारी माशांत पारा साठलेला असतो, आणि तेलकट माशांचा भरणा असलेल्या, ई जीवनसत्त्व कमी असलेल्या आहारामुळे शरीरातल्या चरबीला वेदनादायक सूज येते. लहान आकाराचा, शिजवलेला, काटे काढलेला मासा आठवड्यातून एकदा थोडासा द्यावा. डब्यातला घ्यायचा असेल तर मिठाच्या पाण्यातला नको, साध्या पाण्यातला घ्यावा.

तयार खिमा आणि पाकिटावरचा मजकूर

सोय पाहिली तर तयार खिमा सर्वांत पुढे आहे, आणि नेमका त्यावरच माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे. अखंड तुकड्यावरचे जंतू पृष्ठभागावर असतात. दळल्यावर ते सगळीकडे पसरतात. शिवाय खिमा कोणत्या भागाचा आहे आणि त्यात चरबी किती आहे, हे डोळ्यांना कळत नाही. काही ठिकाणी मांसाचा लाल रंग टिकावा म्हणून सल्फाइट वापरले जाते, आणि सल्फाइट थायमिनचा नाश करते. तुकडा निवडून तो आपल्यासमोर, साफ केलेल्या यंत्रातून दळून घेता आला तर उत्तम. नाहीतर घरी सुरीने बारीक चिरावे.

पाकीटबंद मांस घेताना घटकांची यादी वाचल्याशिवाय ते घेऊ नये. मांस रसरशीत राहावे आणि वजन वाढावे म्हणून त्यात मिठाचे व फॉस्फेटचे पाणी टोचलेले असू शकते. मांसातल्या नैसर्गिक फॉस्फरसपेक्षा असे फॉस्फेट क्षार शरीरात लवकर शोषले जातात आणि मूत्रपिंडांवर ताण आणतात. मूत्रपिंडे हीच तर वाढत्या वयात मांजराची सर्वांत नाजूक बाजू असते. मुरवलेले मांस, सॉसेज, हॅम, कबाबासाठी मसाला लावलेले तुकडे हे सगळे वर्ज्य समजावे. त्यांत कांदा किंवा लसूण, पूड स्वरूपात का होईना, बहुधा असतो, आणि त्याने मांजराच्या लाल रक्तपेशी फुटून रक्तक्षय होतो. यादीत प्राण्याच्या नावाखेरीज दुसरा एकही शब्द नसलेले पाकीटच योग्य.

कच्चे द्यावे की शिजवून, हा वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंना कळकळीने बोलणारे लोक आहेत. माझा कौल शिजवण्याला आहे. २०२४ च्या अखेरीस अमेरिकेत कच्च्या पक्षिमांसाच्या अन्नातून एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूची लागण होऊन मांजर दगावल्याचे उघड झाले, आणि ते अन्न गोठवलेले होते. गोठवल्याने साल्मोनेलासारखे जिवाणूही सगळे मरत नाहीत. पक्ष्याचे मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस तापले की ही भीती उरत नाही. टॉरिनची घट टॉरिनचीच पूड घालून भरून काढता येते, विषाणूची लागण मात्र मागे घेता येत नाही.

माझी निवड

निरोगी, प्रौढ मांजरासाठी प्रथमच सुरुवात करणाऱ्याने हाड काढलेली कोंबडीची किंवा टर्कीची तंगडी हा पाया घ्यावा. एक किलोत सुमारे ८०० ग्रॅम तंगडी, १५० ग्रॅम हृदय आणि ५० ग्रॅम कलेजी, त्याला टरफलांची पूड आणि टॉरिन. एवढ्यावरही हे अन्न पूर्ण होत नाही : ई जीवनसत्त्व, आयोडीन, जस्त, मँगनीज आणि ब गटातली जीवनसत्त्वे यांची भर लागतेच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २०१९ मध्ये पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या ११४ पाककृती गोळा केल्या होत्या. त्यांपैकी ज्यांचे विश्लेषण करता आले त्यांतल्या एकीतही सर्व आवश्यक पोषकद्रव्ये शिफारशीइतकी भरली नाहीत. म्हणून मांसाची निवड आपण करावी, पण पूरक द्रव्यांची मात्रा आपल्या मांजराचे वजन, वय आणि रक्ततपासणी पाहून पशु-आहारतज्ज्ञाकडून लिहून घ्यावी. पिल्लू, गाभण मांजर आणि मूत्रपिंडाचा आजार असलेले मांजर यांच्यासाठी तर या सल्ल्याशिवाय सुरुवातच करू नये.

निवडलेले मांस पहिल्याच दिवशी वाटीभर पुढे ठेवू नये. जुन्या अन्नात चमचाभर मिसळून सात ते दहा दिवसांत प्रमाण वाढवत न्यावे. भूक लागली की खाईल मुकाट्याने, असे म्हणून मांजराला उपाशी ठेवणे धोक्याचे आहे, कारण काही दिवसांच्या उपासानेही, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून ते निकामी होऊ लागते. पूर्ण एक दिवस त्याने तोंड लावले नाही, तर जुने अन्न परत द्यावे आणि पुढच्या खेपेला तंगडीऐवजी दुसरे मांस निवडून पाहावे.