माशांच्या टाकीसाठी जनरेटर, इन्व्हर्टर की बॅटरीवाला एअर पंप? कोकणातला वापरून झालेला रिव्ह्यू

दापोलीत राहतो, हॉलमध्ये ३ बाय दीड बाय दीड फुटाची टाकी आहे, म्हंजे काठोकाठ भरली तर १९० लिटरच्या आसपास, आत अँजल, टेट्रा, तळाला कोरीडोरास असे मासे आणि बऱ्यापैकी झाडं. हे आधीच सांगून टाकतो कारण बॅकअप कुठला घ्यायचा ते टाकीत काय आहे त्यावर असतं, दुकानदार काय सांगतो त्यावर नाही. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट जाणं ही काय बातमी नाही, तारेवर फांदी पडली की गेली, दोन-चार तासांनी येते. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे पोल आडवे पडलेले होते, आणि पुढच्याच वर्षी मे मध्ये तौक्ते. तेव्हापासून इकडे ज्याच्या घरी टाकी आहे तो जनरेटरचं विचारतोच.

माझं सरळ मत असं, की नुसत्या टाकीसाठी मोठा जनरेटर घेणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी हवेची सोय, म्हंजे पाण्यात हवा सोडणारा एअर पंप करा, मग प्युअर साईन वेव्ह (लाईनच्या विजेसारखीच वीज देणारा) इन्व्हर्टर, आणि जनरेटर घ्यायचाच असेल तर त्या इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज करण्यापुरता छोटा घ्या, १ केव्हीए खूप झाला.

का ते सांगतो. लाईट गेल्यावर मासे भुकेने मरत नाहीत, अंधाराने तर नाहीच, दोन-चार दिवस खाणं नाही मिळालं तरी मोठ्या माशांना काही होत नाही, उलट अशा वेळी खाणं बंदच ठेवायचं कारण पाणी घाण होतं. मरतात ते ऑक्सिजन संपल्यामुळे. २० डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० डिग्रीला साडेसात, आणि आपल्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी ३० ला टेकलेलंच असतं. त्यात झाडांची टाकी असेल तर लोकांना वाटतं झाडं ऑक्सिजन देतील, पण ते उजेडात, रात्री तीच झाडं ऑक्सिजन ओढतात, म्हणून रात्री गेलेली लाईट दुपारच्यापेक्षा जास्त महागात पडते. फायटर आणि गुरामी हे मासे वरची हवा घेऊन तग धरतात, गोल्डफिश आणि डिस्कसला ते जमत नाही.

आता बॅटरीवाला एअर पंप. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा. लिथियम बॅटरीवाला, सॉकेटला कायम लावून ठेवायचा, लाईट गेली की आपोआप सुरू होतो, घरात कोणी नसलं तरी. डब्यावर लिहिलेल्या तासांवर जाऊ नका, तेवढे तास मला तरी कधी मिळाले नाहीत, आणि दिवसरात्र चार्जिंगला लागलेली बॅटरी हळूहळू उतरतेच. टॉर्चच्या मोठ्या सेलवर चालणारे पंपपण येतात, आवाज जास्त, आपोआप सुरू होत नाहीत, पण सलग लाईट नसेल तेव्हा सेल वाण्याकडे मिळतो हा त्याचा मोठा फायदा, म्हणून एक तसापण ठेवलाय. पंप कुठलाही घ्या, नळीत चेक व्हॉल्व (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) टाका. पंप टाकीच्या खाली कपाटात असेल आणि बंद पडला तर पाणी नळीतून उलटं खाली येतं, पंपही जातो आणि फरशीवर तळं होतं ते वेगळंच. दहा-वीस रुपयाची वस्तू आहे, दुकानदार स्वतःहून देत नाही, मागून घ्यावी लागते.

काही जण कॉम्प्युटरचा यूपीएस लावतात. चालतो, पण ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपियर-अवरची एवढीशी बॅटरी असते, म्हंजे कागदावर ८४ वॅट-अवर, त्यातले स्वतःच बरेच खातो. आणि लाईट नसेपर्यंत तो टीं टीं करत बसतो, रात्री अडीच वाजता घरातली माणसं मासे नकोत म्हणायला लागतात.

इन्व्हर्टर ल्युमिनसचा झेलिओ प्लस ११०० आहे, ९०० व्हीए, १५० अँपियर-अवरची (एएच) ट्युब्युलर बॅटरी. साईन वेव्ह का म्हणतोय तर फिल्टरचा पंप आणि साधा एअर पंप दोन्ही ५० हर्ट्झच्या एसीवर चालतात, एअर पंप थरथरून आणि फिल्टरचा पंप फिरून, स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ते गुरगुरतात आणि तापतात. आधीचा जुना इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह होता, त्यावर एअर पंप असा ओरडायचा की शेजारच्या खोलीत ऐकू यायचं. याच्यावर फरकच कळत नाही लाईट आहे की गेली. स्क्रीनवर बॅकअप किती तास-मिनिटं राहिलाय ते दिसतं, ते बऱ्यापैकी उपयोगी आहे, अगदी तंतोतंत धरू नका.

हिशोब असा. माझा कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्यातला फिल्टर) १८ वॅट, एअर पंप ४ वॅट, झाले २२. इन्व्हर्टर कुठलाही असो, नुसता चालू राहायला दहा-बारा वॅट खातोच. म्हंजे ३४ धरा. बॅटरी १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-अवर, पण बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, रूपांतरातही जातं, हातात हजार-अकराशे राहतात असं समजा. दिवसभर आरामात निघतो. अट एकच, त्यावर घरातले पंखे लावायचे नाहीत. दोन सीलिंग फॅन लावले की सहा-सात तासांत खेळ खलास, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून टाकीचं सॉकेट इन्व्हर्टर लाईनवर वेगळं काढून घ्या आणि बाकीचे स्विच बंद करता येतील असं बघा. टाकीची लाईट बॅकअपवर घेऊच नका. हीटर कोकणात लागत नाही, पुण्या-नाशिकच्या थंडीत डिस्कस ठेवत असाल तर १००-२०० वॅटचा हीटर हा सगळा हिशोब मोडतो, तिथे टाकीला घोंगडी गुंडाळणं जास्त परवडतं.

एवढं असूनही लाईट दोन-तीन दिवस नाही आली तर? तिथे जनरेटर येतो. मी १ केव्हीएचा पेट्रोलवरचा इन्व्हर्टर टाईप (एकसारखी वीज देणारा) जनरेटर घेतला, एका हाताने उचलता येतो. इन्व्हर्टरची बॅटरी १५ अँपियरने चार्ज होते म्हणजे तीनेकशे वॅटचं काम, त्यासाठी ३ केव्हीएचं धूड कशाला. होंडाचा ईयू३०आयएस बघितला होता, मशीन झकास, १३ लिटरची पेट्रोलची टाकी, आवाज कमी, पण वजन ६० किलोच्या घरात आणि किंमत लाखाच्या वर, ते फ्रीज वगैरे सगळं घर चालवणाऱ्यांसाठी. मी सकाळी अडीच-तीन तास आणि संध्याकाळी तेवढाच चालवतो, रात्रभर टाकी बॅटरीवर. जनरेटर चालू असताना टाकी थेट त्यावर आणि बॅटरीपण भरते, आणि मोबाईल, टॉर्च सगळं त्याच वेळात उरकायचं.

एक गोष्ट कुठल्याच दुकानात सांगत नाहीत. साध्या छोट्या जनरेटरची वीज थोडी वरखाली होत असते, इन्व्हर्टरला ती आवडत नाही, तो लाईट आली, गेली, आली, गेली असं समजून टक टक करत बसतो आणि बॅटरी चार्जच होत नाही. इन्व्हर्टरला मागे यूपीएस आणि इको असा एक छोटा स्विच असतो, तो इकोवर टाका, मग तो व्होल्टेजची वरखाली जास्त चालवून घेतो. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. मेकॅनिकला बोलवायच्या आधी हा स्विच बघा.

जनरेटर घरात नाही, गॅलरीत नाही, बंद पडवीतही नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साईड वासावरून कळत नाही आणि माणसं मरतात, मासे राहू दे. शिवाय एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, जे खोलीत ते टाकीत. मी अंगणात पत्र्याखाली ठेवतो आणि केबल आत घेतो. जनरेटरची वायर घरच्या प्लगमध्ये उलटी खुपसणारे लोक मी बघितलेत, कृपा करून करू नका, ती वीज मीटरमधून बाहेर लाईनवर जाते आणि खांबावर चढलेल्या वायरमनला लागते. चेंजओव्हर स्विच बसवा, म्हंजे एका वेळी लाईन किंवा जनरेटर एकच घराला जोडलेला राहतो.

पेट्रोलचं पण सांगतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओल धरतं, आणि आमच्या कोकणातली हवा म्हणजे काय विचारता. सहा महिने तसंच ठेवलं तर ऐन वादळात दोरी ओढून खांदा निखळतो पण मशीन घेत नाही. वापर झाला की मशीनची पेट्रोलची टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करायचे, आणि जूनच्या आधी एकदा चालवून बघायचं.

फ्लॅटवाल्यांनी जनरेटरचा विचार सोडा, सोसायटी ठेवू देणार नाही आणि ठेवायला सुरक्षित जागाही नसते. बॅटरीवाला पंप आणि दीडशे एएचच्या बॅटरीवाला इन्व्हर्टर एवढ्यात शहरात सगळं भागतं. इन्व्हर्टर-बॅटरी मिळून वीस-पंचवीस हजारात बसतं, पंप हजार-दीड हजारात. मरीन (समुद्री माशांची) टाकी आणि पाणी गार करणारा चिलर असेल तर मात्र माझं ऐकू नका, चिलरचा कॉम्प्रेसर सुरू होताना जो झटका घेतो तो १ केव्हीएला झेपत नाही, तिथे मोठंच मशीन लागतं.

आणि कॅनिस्टर जर पाच-सहा तास बंद राहिला असेल तर लाईट आल्या आल्या तसाच चालू करू नका. आतल्या पाण्यातला ऑक्सिजन संपून चांगले बॅक्टेरिया मेलेले असतात, ते सडकं पाणी एकदम टाकीत जातं आणि लाईट नसताना वाचलेले मासे लाईट आल्यावर जातात. उघडा, वास घ्या, कुजक्या अंड्यासारखा येत असेल तर आतलं पाणी ओतून द्या, स्पंज आणि मीडिया (फिल्टरमधले बॅक्टेरिया ज्यावर राहतात ते तुकडे) टाकीच्याच बादलीभर पाण्यात खंगाळा, मग लावा. नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्याने नाही.