मुंबईतलं महागडं इटालियन जेवण: हॉटेलात की बाहेर?

लग्नाचा वाढदिवस, बढती, आईबाबांची साठी... इटालियन जेवायचं ठरलं की मुंबईत दोन वाटा असतात. एक पंचतारांकित हॉटेलातली: नरिमन पॉइंटला ओबेरॉयमधलं वेत्रो, सांताक्रूझला ग्रँड हयातमधलं सेलिनी. दुसरी स्वतंत्र रेस्टॉरंटची, उदाहरणार्थ बीकेसीतलं चिन चिन.

आधी पैशांचं बोलू. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर आहे, तिथे जेवणावर १८ टक्के जीएसटी लागतो. बाहेर ५ टक्के. आठ हजारांच्या जेवणावर हा फरक १,०४० रुपयांचा. सर्व्हिस चार्ज मात्र दोन्हीकडे ऐच्छिक आहे. द्यायचा नसेल तर बिलातून काढायला सांगा, संकोच नको.

तरीही मी निवड पैशांवर सोडणार नाही. बरोबर कोण येणार, ते आधी पाहीन.

घरातली मोठी माणसं पक्की शाकाहारी असतील तर डोळे मिटून हॉटेल. अस्सल पार्मिजानो चीज करताना दूध वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे पाचक रसाने फाडतात, पेकोरिनो रोमानो चीजला कोकराचं रेनेट लागतं. रिसोत्तो, म्हणजे इटालियन मऊ भात, पुष्कळदा चिकनच्या स्टॉकमध्ये, म्हणजे चिकन उकळलेल्या पाण्यात शिजतो. तिरामिसू या गोड पदार्थात अंडं असतं, कधी दारूही. मेन्यूत ‘व्हेज’ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. मोठ्या हॉटेलात आदल्या दिवशी फोन केला तर निरोप थेट शेफपर्यंत जातो. भाज्यांचा स्टॉक, चालेल असं चीज, बिनअंड्याचं गोड, सगळं आधी ठरवता येतं. शिवाय गाडी दारापर्यंत जाते, टेबलं लांब लांब असतात आणि बोललेलं ऐकू येतं. सत्तरीच्या माणसाला हे पदार्थांइतकंच महत्त्वाचं आहे.

चौघं मित्रमैत्रिणी असाल आणि खाण्याचीच हौस असेल, तर बाहेर जा. व्हेनिसच्या धर्तीवरचे चिकेत्ती, म्हणजे छोटे छोटे पदार्थ, मधे ठेवून वाटून खाण्यात मजा आहे. एकेक मोठी डिश मागवून अडकून पडावं लागत नाही. कपड्यांचा थाटमाट नको, आवाज वाढला तरी चालतो.

रिसोत्तो मात्र कुठेही गेलात तरी नीट पाहा. तो शिजायलाच १८ ते २० मिनिटं लागतात, त्यामुळे उशीर झाला तर चिडू नका. प्लेट जराशी कलती केली की तो सावकाश पसरायला हवा. ढीग होऊन बसला असेल तर वाढण्याआधी बराच वेळ पडून होता असं समजा आणि बिनधास्त परत पाठवा. एवढे पैसे मोजल्यावर तो आपला हक्कच आहे.

आजी आणि नातवंडं एकाच टेबलाशी असतील तर? हॉटेलच घ्या. पोरांना पिझ्झा तिथेही मिळतो, पण आजींना गोंगाटात दोन तास बसवू नका.