टायर धुण्यासाठी आणि काळा ठेवण्यासाठी नेमकं काय घ्यावं?

टायरवर खर्च करायला ठरावीकच पैसे असतील तर त्यातले जास्त चांगल्या क्लीनरवर आणि ब्रशवर घाला. चमक देणाऱ्या बाटलीचा नंबर त्यानंतर. बहुतेक जण उलटं करतात: मळक्या टायरवरच पॉलिश मारतात, दोन दिवस टायर काळाभोर दिसतो, आठवड्यात पुन्हा तपकिरी पडतो आणि दोष पॉलिशच्या कंपनीला जातो. टायर नीट धुतलेला असेल तर साधं ड्रेसिंगही, म्हणजे टायरला काळी चमक देणारं द्रव्यही, चांगलं बसतं. मळावर मात्र महागातलं महाग ड्रेसिंगही टिकत नाही.

टायर तपकिरी का पडतो हे कळलं की निम्मी निवड तिथेच होते. रबर तयार करताना त्यात मेण आणि ओझोनरोधक रसायनं मिसळलेली असतात. हवेतला ओझोन रबराच्या साखळ्या तोडतो आणि टायरच्या बाजूवर बारीक भेगा पडतात. ते रोखण्यासाठी ही द्रव्यं हळूहळू आतून पृष्ठभागावर येत राहतात, तिथे ओझोनशी त्यांची क्रिया होते आणि मागे तपकिरी थर उरतो. म्हणजे हा तपकिरीपणा रोग नव्हे, टायरने स्वतःला वाचवल्याची ती खूण आहे. त्यावर रस्त्याची धूळ, ब्रेकची पूड आणि आधीच्या पॉलिशचा चिकटा बसत जातो. हा सगळा थर ड्रेसिंग लावण्याआधी काढावा लागतो. पण दर आठवड्याला कडक रसायनाने टायर खरवडून काढणंही बरं नाही, कारण त्या थरासोबत अजून कामाला न आलेलं मेणही निघून जातं. जोरदार सफाई महिन्या-दोन महिन्यांतून एकदा आणि मधल्या धुण्यांना नुसता कार शाम्पू, एवढं पुरतं.

धुण्यासाठी: शाम्पू, एपीसी की खास टायर क्लीनर

कार शाम्पू सौम्य असतो. रोजची धूळ आणि चिखल त्याने निघतो, जुना चिकटा निघत नाही. त्यासाठी अल्कली प्रकारचं द्रव्य लागतं आणि इथे दोन पर्याय आहेत. एक, 'टायर क्लीनर' म्हणून मिळणारी तयार स्प्रे बाटली. दुसरा, एपीसी, म्हणजे ऑल पर्पज क्लीनर, जो पाण्यात मिसळून वापरायचा असतो. दोन्हींचं काम जवळपास सारखंच. तयार क्लीनर थेट फवारता येतो, प्रमाणाचा विचार करावा लागत नाही, पण बाटली लवकर संपते. एपीसीची एक लिटरची बाटली वर्षभर सहज जाते आणि तीच पातळ करून दाराच्या कडा, पायाखालच्या रबरी मॅट, डिकीचं प्लॅस्टिक यांनाही चालते. घरी स्वतः गाडी धुणाऱ्याने एपीसीच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. टायरसाठी तो थोडा घट्ट ठेवावा लागतो, इतर कामांना बराच पातळ. नेमकं प्रमाण लेबलवर असतं आणि ते पाळायचं.

अल्कली क्लीनर वापरताना एक काळजी घ्या. अलॉय व्हीलवर रंगाचा किंवा लॅकरचा थर शाबूत असेल तर अडचण नाही, पण पॉलिश केलेल्या उघड्या अॅल्युमिनियमवर त्याचे डाग पडू शकतात. स्टीलच्या रिमला आणि प्लॅस्टिकच्या व्हील कॅपला हा प्रश्न नाही. उन्हात तापलेल्या टायरवर क्लीनर फवारू नका, आणि कुठेही तो वाळू देऊ नका. अॅसिडवाले व्हील क्लीनर टायरसाठी नसतात. रिमवर फवारल्यावर जांभळे होणारे क्लीनर ब्रेकच्या लोखंडी पुडीसाठी असतात, तपकिरी टायरवर त्यांचा उपयोग नाही.

ब्रशला लोक फार किंमत देत नाहीत, आणि खरी चूक तिथेच होते. आखूड, ताठ नायलॉन केसांचा, हातात नीट बसणारा ब्रश हवा. तारेचा ब्रश कधीच नाही, तो रबर ओरखडतो. फेस आधी तपकिरी निघतो. धुऊन पुन्हा फवारा, पुन्हा घासा. फेस पांढरा निघू लागला की थांबायचं. पहिल्यांदा एका टायरला दोन-तीन फेऱ्या लागतात, पुढच्या वेळी एकीत भागतं.

मराठवाड्यात आणि उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांमध्ये पाइप लावून गाडी धुणं शक्य नसतं, आणि तसं धुऊही नये. स्प्रे बाटली, ब्रश आणि एक बादली पाण्यात चारही टायर स्वच्छ होतात. फेस ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि शेवटी एकदा स्वच्छ पाणी ओता. टायरचं फडकं वेगळं ठेवा, ते बॉडीवर फिरवलं तर त्यातले कण रंगावर ओरखडे पाडतात.

आणि डिझेल? बऱ्याच वॉशिंग सेंटरवर टायरला डिझेल किंवा रॉकेलचा हात मारतात. टायर लगेच काळा होतो, कारण तेल मळात मुरतं. पण नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगतं आणि मऊ पडतं. आपल्या गाडीला असलं काही लावू नका असं तिथल्या पोराला आधीच सांगून ठेवा. जुनं इंजिन ऑइल तर दुरूनही नको.

चमकीसाठी आणि जपण्यासाठी: दुधाळ की तेलकट

ड्रेसिंगची मुख्य विभागणी सोपी आहे. पाण्यात केलेली ड्रेसिंग दुधासारखी पांढरी दिसतात. पेट्रोलियम सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे खनिज तेलापासूनच्या द्रावकात, केलेली बहुधा पारदर्शक आणि तेलकट असतात, त्यांना थिनरसारखा वास येतो आणि लेबलवर ज्वलनशील असल्याची सूचना असते. 'सिलिकॉन टायरला मारक' असं सरसकट सांगितलं जातं, ते अर्धवट आहे. दोन्ही प्रकारांत बहुतेक वेळा सिलिकॉन तेल असतं आणि ते रबराला फारसं काही करत नाही. काळजी करायची ती सॉल्व्हंटची, कारण तो रबरातलं मेण विरघळवतो. एकदा लावल्याने टायर बिघडत नाही. दर धुण्याला लावला जात असेल तर मात्र मी तो टाळेन.

दिसण्यात फरक असा: सॉल्व्हंटवालं ओल्या टायरसारखं चकाकतं, पावसाला जास्त दाद देत नाही आणि एकाच हातात काम होतं. पाण्यातलं शांत, सॅटिन काळं दिसतं, नव्या टायरच्या जवळचं. ते वाळलं की हाताला चिकटत नाही आणि धूळ कमी धरतं, मात्र लवकर उतरतं. रोजच्या गाडीसाठी माझा कौल पाण्यातल्याला आहे. वापरणाऱ्यांत मेग्वायर्सच्या हायपर ड्रेसिंगला मान आहे तो त्याच्या सोयीमुळे. ते घट्ट येतं. एक भाग ड्रेसिंगला एक भाग पाणी घातलं तर चमक जास्त, चार भाग पाणी घातलं तर मॅटकडे, म्हणजे बिनचमकीकडे, झुकणारी. म्हणजे सर्वांत पातळ प्रमाणात एका लिटरचं पाच लिटर होतं. घरात दोन गाड्या असतील किंवा भावाची-शेजाऱ्याची गाडीही तुम्हीच धूत असाल, तर हिशेब चटकन जमतो. एकाच हॅचबॅकसाठी एवढा साठा नको; 3एम, टर्टल वॅक्स, वेवेक्स अशा नावांच्या छोट्या बाटल्या मिळतात. त्यातली दुधाळ बाटली निवडा, ब्रँडपेक्षा ही पारख महत्त्वाची.

जेल हा वेगळा स्वभाव. मेग्वायर्सचं जांभळं एंड्युरन्स जेल याच जातीचं. ते स्पंजने चोळून लावायचं, दुसरा थर दिला की चमक वाढते. ओघळत नाही, उडत नाही, टिकतं चांगलं. लग्नाची गाडी, विकायला काढलेली गाडी, सणाला सजवायची गाडी यांच्यासाठी जेल उत्तम. पण कोकण-गोव्याच्या लाल मातीत जेलचा जाड थर दिला तर धूळ त्यात रुतून बसते आणि टायर तांबूस दिसू लागतो. तिथे पातळ थर द्या आणि जास्तीचं पुसून घ्या. भर पावसाळ्यात तर मी ड्रेसिंगच सोडून देईन. जून ते सप्टेंबर चिखल धुऊन काढला तरी पुष्कळ.

एरोसोलचा, म्हणजे दाबाच्या डब्यातून फवारायचा, फेस सर्वांत सोपा. फवारा आणि सोडून द्या, घासायचंसुद्धा नाही. नेमकं हेच मला पटत नाही, कारण मळ जागच्या जागी राहतो आणि फवारा रिमवर, ब्रेक डिस्कवर उडतो. डिस्कवर तेलकट थर बसला तर ब्रेकची पकड जाते. चमक नव्हे, जीव जाण्याची ती गोष्ट आहे. एरोसोल घ्यायचंच असेल तर स्पंजवर फवारून मग टायरला लावा.

दीर्घकाळ टिकणारी टायर कोटिंगही आता मिळतात. ती लावण्याआधी टायर अगदी कोरा स्वच्छ लागतो, आधीच्या पॉलिशचा अंशही चालत नाही. नव्या टायरवर, आवडीने तास-दोन तास देणाऱ्याला ती शोभतात. इतरांनी त्यात पडू नये.

घरगुती उपायांत ग्लिसरीन पाण्यात मिसळून लावणं बरं: रबराला अपाय नाही, पहिल्या पावसात वाहून जातं, पण तेवढ्यापुरतं काम होतं. खोबरेल तेल धूळ ओढतं. बूट पॉलिश नको.

'यूव्ही प्रोटेक्शन' किती खरं?

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपार जातो, तेव्हा लेबलवरचं हे वाक्य मोहात पाडतं. टायर काळा असतो तो त्यातल्या कार्बन ब्लॅकमुळे, म्हणजे काजळीसारख्या कार्बनच्या पुडीमुळे, आणि तो कार्बन ब्लॅक अतिनील किरण स्वतःच शोषून घेतो. म्हणजे टायरचं मोठं संरक्षण कारखान्यातच झालेलं असतं. ३०३ या ब्रँडसारख्या प्रोटेक्टंटमध्ये, म्हणजे जपणाऱ्या द्रव्यात, अतिनील रोखणारे घटक असतात, ते मॅट दिसतात, चिकटत नाहीत. आवडत असेल तर खुशाल घ्या. पण त्यामुळे टायरचं आयुष्य दुप्पट होईल या आशेने घेऊ नका. सावलीतलं पार्किंग आणि चालकाच्या दाराशेजारच्या स्टिकरवर दिलेला हवेचा दाब यांनी टायर जास्त जपला जातो, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

उभी राहणारी गाडी याहून नाजूक. मुलांकडे सहा महिने परदेशी जाताना किंवा गाडी गावच्या वाड्यात ठेवून मुंबईला येताना लोक टायरला जाड पॉलिश चोपडून जातात. टायर फिरतो, वाकतो तेव्हा आतलं मेण जास्त सहज बाहेर येतं. उभ्या टायरला ते कमी मिळतं आणि भेगा पडू शकतात. अशा गाडीचे टायर धुऊन कोरडे ठेवा, हवा पूर्ण भरा आणि शेजाऱ्याला किल्ली देऊन अधूनमधून चार पावलं फिरवायला सांगा.

सेकंड हँड गाडी बघायला गेलात आणि टायर आरशासारखे चकाकत असले तर ओल्या फडक्याने एक बाजू पुसून भेगा बघा. बाजूवर DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मिशेलिन ही टायर कंपनी पाच वर्षांनंतर दरवर्षी टायरची तपासणी आणि नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांनी बदल सुचवते. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली तर पॉलिशचा विषयच संपला, टायर बदला.

लावताना हात कुठे थांबवायचा हेही ठरलेलं असू द्या. ड्रेसिंग फक्त बाजूला, रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर कधीही नाही. दुचाकीच्या टायरला अजिबात नाही, वळणावर गाडी टायरच्या कडेवरच झुकलेली असते. स्पंजवर थोडंच घ्या, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या, वरचं कोरड्या फडक्याने टिपा आणि मगच गाडी हलवा, नाहीतर पांढऱ्या गाडीच्या मडगार्डमागे काळे शिंतोडे उडतात.

पहिल्यांदा घेताना एपीसीची लहान बाटली, नायलॉन ब्रश आणि दुधाळ ड्रेसिंगची सर्वांत छोटी बाटली एवढंच घ्या. आपल्या रस्त्याला आणि पाण्याला काय मानवतं ते कळल्यावर मोठा डबा घ्यायला हरकत नाही. एरोसोल असेल तर तो डिकीत ठेवू नका. डब्यावर ५० अंशांची मर्यादा लिहिलेली असते आणि उन्हात बंद उभी असलेली गाडी आतून ती सहज ओलांडते.