परळ, पुणे की बार्शी? पोटाच्या कॅन्सरसाठी रुग्णालय निवडताना

घरात पोटाच्या कॅन्सरचं निदान झालं की नातेवाइकांत लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, 'सरळ टाटाला न्या, बाकी कुठे दाखवूच नका.' दुसरा म्हणतो, 'तिथे नंबर लागेपर्यंत आजार वाढेल, पुण्यात ओळखीचे डॉक्टर आहेत.' दोघांचंही थोडंथोडं खरं असतं. पण वादाच्या भरात एक साधा प्रश्न राहून जातो: कॅन्सर नक्की कुठल्या अवयवाचा आहे? अन्ननलिका, जठर, स्वादुपिंड, पित्ताशय, मोठं आतडं, गुदाशय, सगळ्याला आपण 'पोटाचाच' म्हणतो. ऑपरेशनच्या बाबतीत मात्र यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

स्वादुपिंड आणि अन्ननलिका असेल, तर माझं मत ठाम आहे. लांब जावं लागलं तरी चालेल, पण हे ऑपरेशन जिथे नेहमी होतं तिथेच करा. अमेरिकेतल्या मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. स्वादुपिंडाची ऑपरेशनं अगदी क्वचित करणाऱ्या रुग्णालयांत त्यानंतरच्या मृत्यूंचं प्रमाण 16.3 टक्के होतं, सर्वाधिक करणाऱ्या रुग्णालयांत 3.8. अन्ननलिकेतही मोठा फरक दिसला. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनमध्ये मात्र तो दोन टक्क्यांहूनही कमी होता. आकडे जुने आणि परक्या देशातले आहेत, पण त्यामागचं कारण आपल्याकडेही तेच आहे.

स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या गाठीसाठी 'व्हिपल' नावाचं ऑपरेशन करतात. त्यात स्वादुपिंडाचा तो भाग, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा खालचा तुकडा काढतात आणि मग स्वादुपिंड, पित्तनलिका, जठर हे तिन्ही पुन्हा आतड्याला जोडतात. यातला स्वादुपिंडाचा जोड मोठा बेभरवशाचा. नावाजलेल्या सर्जनच्या हातूनही तो गळतो. गळलेला रस जवळच्या रक्तवाहिनीला खाऊ लागला, की आठ-दहा दिवसांनी, रुग्ण चांगला चालता-फिरता असताना, अचानक रक्तस्राव होतो. त्या वेळी रात्री दोन वाजता सीटी होईल का, मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून रक्तस्राव बंद करणारा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट येईल का, रक्तपेढी त्याच आवारात आहे का, यावर जीव अवलंबून असतो. जोड गळण्याचं प्रमाण सगळीकडे थोडंफार सारखंच. गळल्यावर रुग्ण वाचतो की नाही, इथे रुग्णालया-रुग्णालयांत फरक पडतो. म्हणून 'रोबोट आहे का?' यापेक्षा 'गेल्या वर्षी किती व्हिपल केलीत आणि रात्री आयसीयूत कोण असतं?' हे विचारा. चांगला सर्जन या प्रश्नाने चिडत नाही.

आता टाटा मेमोरियल. 1941 साली परळला सुरू झालेलं आणि 1962 पासून अणुऊर्जा विभागाकडे असलेलं हे रुग्णालय स्वस्त आहे म्हणूनच लोक तिथे जातात, हा गैरसमज आहे. खरा फायदा अवयवानुसार केलेल्या तुकड्यांचा. पोटाच्या कॅन्सरची वेगळी तुकडी आहे आणि सर्जन, केमोचे, रेडिएशनचे, पॅथॉलॉजी-रेडिओलॉजीचे डॉक्टर एकत्र बसून उपचार ठरवतात. जठराच्या कॅन्सरमध्ये बहुधा आधी केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो, असा क्रम असतो. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये आधी एमआरआय आणि पुष्कळदा आधी रेडिएशन. एकट्या सर्जनने घाईने सुरी लावली तर हा क्रमच बिघडतो आणि मग तो सुधारता येत नाही.

तोटेही लपवण्यासारखे नाहीत. गर्दी अफाट. फाइल काढणं, तपासण्यांच्या तारखा, ऑपरेशनची तारीख, प्रत्येक ठिकाणी थांबणं आलं. जनरलमध्ये खर्च बराच कमी, प्रायव्हेटमध्ये जास्त. तुकडी मात्र तीच. मुंबईत राहायचं कुठे हा प्रश्न औषधांइतकाच मोठा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन यांचा आधार आहे, पण तिथेही जागा मिळेलच असं नाही. रुग्णालयाबाहेर फुटपाथवर चटई टाकून राहणारी कुटुंबं आजही दिसतात.

पुण्या-मुंबईतल्या मोठ्या खासगी रुग्णालयांची जमेची बाजू म्हणजे वेग. आठवड्याभरात सीटी, बायोप्सी, ऑपरेशन सगळं उरकतं आणि डॉक्टर फोनवर भेटतात. तिथले कित्येक सर्जन टाटातच तयार झालेले असतात. पण सर्जन उत्तम म्हणून पाठीमागची व्यवस्था उत्तमच असेल असं नाही, ती वेगळी तपासावी लागते. ट्यूमर बोर्ड, म्हणजे सगळ्या शाखांच्या डॉक्टरांनी एकत्र बसून उपचार ठरवायची बैठक, खरंच भरतो का, की कागदावर सह्या होतात? बोर्डाची लेखी नोंद मागा, देत असतील तर उत्तमच. आणि पॅकेज विचारताना 'गुंतागुंत झाली तर पुढचं बिल कसं लावता?' हे आधीच विचारा, कारण अंदाज कोसळतो तो तिथेच.

तिसरा पर्याय आपल्याकडे उगीच कमी लेखला जातो: बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, विदर्भात नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी किंवा जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट. मोठ्या आतड्याचं साधं, नियोजित ऑपरेशन अशा ठिकाणी अनुभवी कॅन्सर सर्जन करत असेल, तर केवळ नावासाठी मुंबई गाठायची गरज मला वाटत नाही. काम कसं झालं याचा एक पुरावा नंतर तुमच्या हातात येतो. पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये कमीत कमी 12 लसीका ग्रंथी (लिम्फ नोड) तपासल्याची नोंद असावी. त्याहून खूपच कमी असतील, तर केमोचा निर्णय घेण्याआधी दुसरं मत घ्या.

उपचार सगळे एकाच छपराखाली व्हायला हवेत हा हट्टही सोडावा. केमो दर दोन किंवा तीन आठवड्यांनी, महिनोन्‌महिने चालते. लातूर-सांगलीहून त्यासाठी दर खेपेला मुंबई करण्यात रुग्णाचाच जीव मेटाकुटीला येतो. शिवाय केमोत ताप 100.4 च्या वर गेला, तर तासाभरात पोहोचता येईल असं रुग्णालय लागतं. केमोची योजना परळहून लिहून आणा, सलाइन गावाजवळ लावा. रेडिएशनचं गणित मात्र वेगळं. ते शनिवार-रविवार सोडून पाच आठवडे रोज चालू शकतं. गुदाशयाच्या काही रुग्णांना पाच दिवसांचा छोटा कोर्सही चालतो, तेव्हा विचारून घ्या. मुक्कामाचा खर्च एकदम खाली येतो.

पैशाचं थोडक्यात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण रुग्णालय योजनेत आहे एवढ्यावर जाऊ नका. तुमच्या ऑपरेशनसाठी तिथे योजना लागू आहे का, हे ॲडमिट होण्याआधी आरोग्यमित्राकडून, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाकडून, खात्री करून घ्या. उपचारासाठी रेल्वेने जाताना कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत मिळते, सोबतच्या एका माणसाला 75 टक्के.

कुठेही जा, बायोप्सीचा नुसता रिपोर्ट नेऊ नका. लॅबमधून स्लाइड आणि बायोप्सीचा तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक मागून घ्या. बोटाच्या पेराएवढा तो चौकोनी ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये. तो नसेल तर मोठी रुग्णालयं पुन्हा तपासणी करायला थांबवतात आणि त्यात आठवडा जातो. सीटीची सीडीही हवी, फिल्म पुरत नाही. कावीळ झाली म्हणून गावातच पित्तनलिकेत स्टेंट (पित्त वाहतं ठेवणारी नळी) टाकायचा असेल, तर त्याआधी स्वादुपिंडाचा नीट सीटी होऊ द्या. स्टेंटनंतरच्या सीटीत गाठ स्पष्ट दिसत नाही.

एका प्रसंगात मात्र यातलं काहीच तोलत बसू नका. पोट फुगलंय, उलट्या थांबत नाहीत, शौच आणि वायू दोन्ही बंद आहेत, म्हणजे आतडं अडलंय. अशा रुग्णाला गाडीत घालून मुंबईकडे निघू नका. जवळच्या सर्जनकडे न्या. तो पोटावर शौचासाठी तात्पुरती पिशवी लावून अडथळा मोकळा करील, आणि परळची तारीख त्यानंतर घेता येईल.